प्रधान मुद्दाम हरला का?

फरवानिया, ३ जानेवारी

बाबा, पाया पडते.

मुकेश, ही ओळ मोठ्याने वाच. बाबा पडवीतून उठायला लागले तर लगेच पुढचं वाक्य वाच: हे पत्र लग्नाबद्दल नाही, दशावताराबद्दल आहे.

बसलात ना?

फोन तुम्ही घेत नाही. आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर माझं पहिलं अक्षर ऐकताच गोठ्याकडे निघून जाता, असं आई सांगते. म्हणून हाताने लिहिते आणि फोटो मुकेशला पाठवते. धाकट्या भावाच्या आवाजाशी तरी तुमचं भांडण नाही.

इथे कुवेतात सुधीरकाका तांडेल भेटले. तुम्ही राणी व्हायचात तेव्हा ते तुमचे द्वारपाल असायचे. आता मीना अब्दुल्ला नावाच्या गावी रिफायनरीत फोरमन आहेत. ते आणि आपल्याकडचे वेल्डर, फिटर मिळून दर हिवाळ्यात एक आख्यान करतात. या वर्षी पंचवीस फेब्रुवारीला, इथल्या राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत आहे. मराठी मंडळाने शाळेचा हॉल मिळवून दिला आहे.

आख्यान सुधीरकाकांनीच रचलंय. मेघावती नगरीचा राजा वीरसेन. प्रधान कपटसेन त्याला औषध म्हणून रोज एक काढा पाजतो आणि त्या काढ्याने राजाची आठवण पुसत जाते. राजकन्या हेमकळेला यक्षिणीचा शाप आहे: तिने मनाविरुद्ध 'हो' म्हटलं, तर नगरीतलं सगळं गोडं पाणी खारं होईल. बागेतला माळी हा खरा शेजारचा राजपुत्र जयकेतू, आणि हेमकळेचं मन त्याच्यावर. अशात प्रधान भर दरबारात म्हणतो, "राजाने मला शब्द दिलाय, राजकन्या माझी." हेमकळा थोडा वाद घालते, मग रडते. जयकेतू तलवार उपसून येतो, युद्ध होतं, प्रधान पडतो आणि शाप सुटतो.

हेमकळा करायचा तो नेरूरचा वेल्डर करार संपून घरी गेला. काका म्हणाले, त्याच्यासारखी कंबर आता अख्ख्या कुवेतात कोणाची नाही. सगळे हसले. मी म्हटलं, "मी करते."

हसणं थांबलं.

"गो, तुझ्या बापाशीकडसून मी रंग लावूक शिकलंय," काका म्हणाले. "तेका इचारल्याशिवाय तुका स्टेजार उभी करूचंय नाय."

बायका दशावतारात नाहीत, हे तुमचं मत मला माहीत आहे. आता बायकांच्या मंडळ्याही निघाल्या आहेत हे तुम्हाला माहीत आहे. तरी काकांचं बरोबर आहे, मला तुमचा शब्द हवा. तुम्ही तीस वर्षं राण्या केल्यात.

आणि हे पत्र लग्नाबद्दल नाही म्हटलं असलं तरी एक वाक्य लिहितेच. तुमच्या राणीने दरबारात नको त्या राजाला नकार दिला की जत्रा टाळ्या वाजवायची. मी त्या कणकवलीच्या दुकानदाराला नकार दिला तर दोन वर्षं अबोला.

मुकेश, हे वाक्य गाळू नकोस.

तुमची क्षितिजा

फरवानिया, १७ जानेवारी

बाबा, पाया पडते.

मुकेशचा निरोप मिळाला. तो लिहितो, बाबांनी पत्र ऐकलं, सुपारी कातरली, उठून आत गेले आणि परत येऊन म्हणाले, "राणी उभी रवताना आदी नजर उठता, मगे मान, मगे बाई. एकदम उठता ती मोलकरीण."

एवढंच. हो नाही, नाहीही नाही.

काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "विठ्ठलदादान नाय म्हटल्यान नाय मां? मगे लाग तयारीक." मला असा आडून आलेला होकार नको होता. पण तालीम सुरू केली आहे. रोज अहमदीच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासताना मी स्टुलावरून आधी नजर उठवते, मग मान. शेजारच्या टेबलावरची लीना विचारते, "गर्दन में मोच आई है क्या?"

तालीम शुक्रवारी पद्मजाताईंच्या अंगणात होते. त्या मंडळाच्या सांस्कृतिक सचिव, पुण्याच्या. यजमान तेल कंपनीत मोठे इंजिनियर, म्हणून अहमदीत जुना बंगला आणि चक्क हिरवळ. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "स्क्रिप्टची एक प्रत मिळेल का? कमिटीला दाखवायची असते."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काका म्हणाले, "नाही हो बाई, लिहिलेलं काही नसतं. कथा ठरलेली. कोण कधी येणार, कोण मरणार, ते ठरलेलं. बोलायचं ज्याचं त्याने."

"मग कमिटीला काय दाखवू?"

"मरणाऱ्यांची नावं देतो," प्रधानाचं काम करणारा म्हणाला.

हा प्रसाद गवस. दोडामार्गचा, परांची बांधतो. आयटीआय झालाय. तोंडाळ आहे. कपटसेन करताना मात्र आवाज असा खाली आणतो की आपणच कान पुढे करतो. मला म्हणाला, "तू पाठ करून येतेस. मी काय बोलणार ते तुला कुठे माहीत आहे?" खरं होतं. मी वहीत वाक्यं लिहून नेली होती, तीन-चारच वापरता आली. माझ्या सगळ्या परीक्षा मी पाठ करून पास झाले, घरातली पहिली पदवी आणली, आणि इथे बारावीनंतर आयटीआय केलेला माणूस मला राजाच्या बाकासमोर गप्प करतो. राग आला.

प्रश्न विचारते. प्रधान बोलत असताना राजकन्येने कुठे बघायचं? त्याच्याकडे की राजाकडे?

तुमची क्षितिजा

फरवानिया, ७ फेब्रुवारी

बाबा, पाया पडते.

"परधानाकडे बघी नको. राजाकडे बघ. तंटो परधानाशी, दाद राजाकडे." तुमचं उत्तर लागू पडलं. नजर काढून घेतली की प्रसाद अडखळतो.

आता आम्ही बसमध्ये तालीम करतो. तोही फरवानियातच राहतो, गॅरेजच्या मागे खोलीत सहा जण. अहमदीहून परतीची बस एकच. परवा तो उभा राहून, दांडी धरून म्हणाला, "राजकन्ये, हा हट्ट तुला महागात पडेल." मी बसल्या जागेवरून, आधी नजर, मग मान, मग उठून म्हटलं, "धमकी देणाऱ्याचा हात थरथरतो आहे, प्रधाना." सगळ्या माना वळल्या. एका इजिप्शियन आजोबांनी आमच्या मध्ये हात घातला आणि मला विचारलं, "कुल्लू तमाम?" सगळं ठीक ना? मी म्हटलं, तमाम. त्यांनी प्रसादकडे असं बघितलं की तो पुढच्या स्टॉपपर्यंत कपटसेन राहिलाच नाही.

तो हात खरोखर थरथरत होता, कारण बस धडधडत होती.

प्रसादबद्दल मी जास्त लिहिते असं मुकेशने कळवलंय. प्रसंगच प्रधानाशी आहे, मग कोणाबद्दल लिहू? जयकेतू करणाऱ्या विजयकुमारबद्दल लिहायला तो तालमीला यायला हवा. रिफायनरीत वार्षिक दुरुस्तीचं शटडाऊन चालू आहे, त्याच्या दुपारच्या पाळ्या सुटत नाहीत. काका म्हणतात, "तेचा काय, तलवार घेऊन येवचा आणि मारूचा."

एक गोष्ट मला पटत नाही. हेमकळा रडते का? जिला शाप आहे की मनाविरुद्ध 'हो' म्हटलं तर गाव तहानेने मरेल, ती रडून वाट बघेल का कोणी येतो म्हणून? काका म्हणतात, प्रेक्षकांना रडलेलं आवडतं. तुमच्या राण्या रडायच्या का हो? मला आठवत नाही. मी लहान होते, पुढे गोणपाटावर बसायचे आणि रडवेली होऊन मीच तुमच्याकडे बघायचे. तुम्ही रडलेले आठवत नाही.

प्रसादने आज बसमधून उतरताना एक गोष्ट विचारली. आख्यानाबद्दलच. पंचवीस तारखेनंतर उत्तर देईन म्हटलं.

तुमची क्षितिजा

फरवानिया, २६ फेब्रुवारी

बाबा, पाया पडते.

काल आख्यान झालं. मुकेशला व्हिडिओ पाठवलाय, बघितलात की नाही माहीत नाही. म्हणून माझ्याकडून सांगते.

राष्ट्रीय दिनाला इथे पोरं रस्त्यावर उतरतात, पिचकाऱ्या आणि साबणाच्या फेसाचे डबे घेऊन, गाडी दिसली की फवारा. सगळे रस्ते तुंबतात. विजयकुमार पाळी संपवून निघाला आणि त्यात अडकला. आम्ही दरबाराचा प्रवेश सुरू केला तेव्हा त्याच्यासोबत असलेल्या काकांच्या भाच्याचा निरोप आला होता: गाडी हलत नाही.

काका राजा होऊन बाकावर बसले होते. हॉल भरलेला. प्रसादने मागणी केली, मी माझं थोडं बोलले, आणि रडायची वेळ आली तेव्हा विंगेतून मृदंगवाल्याने हाताने रबर ताणल्यासारखी खूण केली. खेचा.

मग आम्ही खेचलं, बाबा.

प्रसाद म्हणाला, "राजाचा शब्द म्हणजे राज्याचा पाया. तो मोडला की राज्य मोडलं. मान्य?"

"मान्य," मी म्हटलं. "दिलेला शब्द मोडू नये, हे तुलाही मान्य?"

"अर्थात."

"मग महाराजांनी मलाही एक शब्द दिला होता. मी लहान असताना. तुझ्या आयुष्याचं तू ठरवायचं, असा. तो तुझ्या आधीचा. आधीचा शब्द मोडून नंतरचा पाळायचा, ही कुठली नीती?"

"साक्षीदार कोण?"

"तुझ्या शब्दाला कोण साक्षीदार आहे?"

"स्वतः महाराज."

"माझ्याही."

लोक हलले. प्रसादने आवाज खाली आणला. "राजकन्ये, महाराजांना असा काही शब्द आठवत नाही. विचार त्यांना." काकांनी बरोबर शून्यात बघितलं, काढा प्यायलेल्या राजासारखं.

आणि मला ते दिसलं. वहीत नव्हतं, तालमीत नव्हतं. मी प्रधानाकडे न बघता राजाकडे बघून म्हटलं, "महाराजांना आठवत नाही, हे प्रधानजी भर दरबारात सांगत आहेत. ज्यांना आठवत नाही त्यांनी तुला शब्द दिल्याचं मात्र त्यांना आठवतं? महाराज शुद्धीवर असतील, तर त्यांना माझा शब्द आठवेल. शुद्धीवर नसतील, तर तुझा शब्द शब्दच नव्हे. कोणते महाराज हवेत तुला, प्रधाना? एक निवड. आणि ते विसरायला कधीपासून लागले, तेही सांग. त्यांना काढा कोण देतं?"

प्रसादने तोंड उघडलं. मिटलं. मृदंग थांबला. मी त्याच्याकडे बघितलं, नियम मोडून. तो कपटसेन नव्हता. परांचीवर उभं असताना खालची फळी निसटावी तसा चेहरा होता.

काका बाकावरून उठले. आधी नजर, मग मान. "प्रधान कपटसेनाला बेड्या घाला," म्हणाले. कथेत नव्हतं हे. बेड्याही नव्हत्या, द्वारपालाने स्वतःचं उपरणं बांधलं.

लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि तेवढ्यात दार उघडून विजयकुमार धावत स्टेजवर आला. केसांत साबणाचा फेस, हातात तलवार. "राजकन्ये, भिऊ नकोस! मी आलो आहे!"

मी त्याला म्हटलं, "आलास? बस. दमला असशील."

बाबा, हशाने पाच मिनिटं कोणाला काही ऐकू आलं नाही. पद्मजाताई डोळे पुसत होत्या.

एक सांगायचं आहे. आधीच्या शब्दाचं ते वाक्य मी रचलेलं नाही. दहावीचा निकाल लागला त्या दिवशी विहिरीवर तुम्ही म्हणाला होतात, "शीक, आणि तुझा तू ठरव." मला स्टेजवर दुसरं काही सापडेना म्हणून मी ते उचललं. उचलल्यावर कळलं की मी दोन वर्षं तेच तुम्हाला विचारते आहे.

तुमची क्षितिजा

फरवानिया, ५ मार्च

बाबा, पाया पडते.

तुमच्याकडून काही आलं नाही. या वेळी सूचनासुद्धा नाही. वाक्य लागलं असेल. मागे घेत नाही.

इथे वेगळंच सुरू आहे. पद्मजाताईंनी मला मिठी मारून म्हटलं, "किती गोड गं! त्याने तुला जिंकू दिलं." मंडळाच्या ग्रुपवर तसंच लिहून आलं. कोणीतरी हृदयं टाकली. विजयकुमार म्हणाला, "प्रसाद काय गप्प बसणारो आसा? तो मुद्दाम गप्प बसलो."

मला रात्रभर झोप लागली नाही, असं लिहिणार नाही, लागली. पण सकाळी उठल्या उठल्या तोच विचार.

आता जे लपवलं ते लिहिते. मुकेश, दात काढू नकोस. प्रसादने सात तारखेला बसमधून उतरताना विचारलं होतं ते आख्यानाबद्दल नव्हतं. त्याने विचारलं, लग्न करशील का. मी 'हो' म्हणायचं ठरवलं होतं. त्याचं आडनाव ऐकून तुम्ही काय विचाराल ते मला माहीत आहे. विचारा. मी पदवीधर आणि तो आयटीआय, हेही विचारा. त्या सगळ्याला माझ्याकडे उत्तरं आहेत. पण तो मुद्दाम हरला असेल, तर याला उत्तर नाही. ज्याने मला एकदा जिंकू दिलं तो उद्या घरातही जिंकू देईल, लहान मुलाला देतात तसं, आणि खरे निर्णय बाहेर घेईल. मला तो नको.

रमजान सुरू आहे. ऑफिस लवकर सुटतं. मी बसस्टॉपवर त्याला गाठलं आणि विचारलं.

तो चिडला. मी त्याला चिडलेला पहिल्यांदा बघितला. "मी मुद्दाम हरलो?" म्हणाला. "आमच्या घरात सात पिढ्या कोणी मुद्दाम हरलं नाही. सगळे खरेच हरले."

"शपथ घे."

"शपथ कशाला? मला सुचलं नाही! आठ दिवस झाले, वर परांचीवर उभा असतो आणि तेच. कुठला महाराज निवडू? शुद्धीतला निवडला तरी मेलो, बेशुद्ध निवडला तरी मेलो. काल मुकादम ओरडला, बोल्ट कुठे लावतोस म्हणून."

माझा विश्वास बसला की नाही? अर्धा. मी अजून 'हो' म्हटलेलं नाही. त्याला सांगितलंय, अर्ध्या विश्वासावर म्हणणार नाही.

तुमची क्षितिजा

फरवानिया, २१ मार्च

बाबा, पाया पडते.

काल जे झालं ते तुम्हाला माहीतच आहे, कारण अर्धं तुम्हीच केलंत. पण माझ्या बाजूने काय झालं ते लिहायला हवं.

इफ्तारच्या आधी रस्ते ओस पडतात. मी आणि बिल्कीस, माझ्या खोलीतली मैत्रीण, भाजी घेऊन परत येत होतो. समोरून प्रसाद धावत आला. हेल्मेट डोक्यावरच. धापा टाकत म्हणाला, "सुचलं!"

"काय?"

"उत्तर! ऐक. शब्द कोणाला दिला होता? लहान मुलीला. ती लहान मुलगी आता कुठे आहे? ती मोठी झाली. म्हणजे ज्या व्यक्तीला शब्द दिला, ती व्यक्तीच उरली नाही. शब्द आपोआप संपला! आता बोल!"

बिल्कीस म्हणाली, "अल्ला, या माणसाला कोणीतरी घरी न्या."

मी रस्त्यात, कोथिंबीर हातात धरून, हसत सुटले. तीन आठवडे हा माणूस तेच शोधत होता. जो मुद्दाम हरतो त्याला नंतर उत्तर शोधावं लागत नाही. मी म्हटलं, "हो."

"म्हणजे पटलं माझं?"

"उत्तर भिकार आहे. तरी हो."

त्याला कळायला वेळ लागला. आणि तो कळून घेत असतानाच माझा फोन वाजला. मुकेशचं नाव. मी कानाला लावला आणि दोन वर्षांनी तुमचा आवाज.

"तो परधान," तुम्ही म्हणालात, "मुद्दाम हरलो काय गो?"

कशी आहेस नाही, जेवलीस का नाही.

"नाही बाबा. खराच हरला."

"फोन दी तेका."

मी दिला. मग तुम्ही दोघं अर्धा तास बोललात. मी आणि बिल्कीस पायरीवर बसून ऐकत होतो. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हो काका… नाही काका, घाबरलो नव्हतो, सुचलं नाही… लहान मुलीचं म्हणणं… भिकार? तीही तेच म्हणाली… मग काय म्हणायला हवं होतं?" मग त्याने हेल्मेट काढून हातात घेतलं.

फोन मला परत देईपर्यंत तुम्ही ठेवला होता. मी विचारलं, काय म्हणाले? त्याने तुमच्याच शब्दांत सांगितलं: "परधानान म्हणाक होया होता, राजा काय इसारलो नव्हतो. भियालो."

बाबा, हे उत्तर चांगलं आहे. प्रधानाने ते दिलं असतं तर मी त्या दिवशी स्टेजवर अडकले असते. विसरलेल्या राजाला आठवण करून देता येते. घाबरलेल्या राजाला काय सांगायचं, हे मी रात्री बराच वेळ शोधत होते, आणि सापडलं. पण ते मुकेशच्या तोंडून ऐकवणार नाही.

एप्रिलच्या शेवटी मी आणि प्रसाद येतोय. त्याच्या घरी आधी, मग आपल्याकडे. लग्न आम्ही करणार आहोत, ते ठरलं. तुमचा होकारही हवा आहे, पण गावाला दाखवण्यापुरता, किंवा आईने डोळ्यांत पाणी आणलं म्हणून दिलेला नको. तुम्ही हवं ते विचारा, अडवा, खोडून काढा. मी समोर असेन. तुमचं खरं 'हो' येईपर्यंत बोलू.

रजा महिन्याची आहे. तेवढ्यात झालं नाही, तर वाढवून घेईन.

क्षितिजा